लिफ्टवाल्यांची रांग

माझ्या बाबांनी अकरा वर्षं लिफ्ट चालवली. शहरातल्या मुख्य कचेरीची सहा मजली इमारत होती आणि तिच्यात एकच लिफ्ट, जाळीच्या दाराची, पितळी दांड्याची. दांडा डावीकडे ढकलला की लिफ्ट वर, उजवीकडे ढकलला की खाली. तो सोडायची वेळ जराशी चुकली तरी लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर नाहीतर खाली थांबायची आणि साहेबलोक ठेचकाळायचे. बाबांचं कधी चुकलं नाही. झोपेतसुद्धा ते "तिसरा मजला" असं पुटपुटायचे आणि आई म्हणायची, "उतरा मग, बाकीच्यांना झोपू द्या."

आम्ही पुलापलीकडच्या वस्तीत राहायचो. शहरातले लोक आम्हाला 'पलीकडचे' म्हणायचे आणि त्या एका शब्दात काय ते सगळं यायचं. पलीकडच्या प्रत्येक मोठ्या माणसाला दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन राहण्याच्या दाखल्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. शिक्क्याची खोली पाचव्या मजल्यावर. लिफ्टशेजारी भिंतीवर पाटी होती, 'पलीकडच्यांसाठी मागचा जिना'. जिना अरुंद, दगडी, उजेड यथातथाच. लिफ्टमध्ये पाय ठेवू शकणारे वस्तीतले बाबा एकटे, तेही हातात दांडा असेल तोवरच. स्वतःच्या दाखल्यावर शिक्का मारायची वेळ आली की तेही मागून चढायचे.

वस्तीतलं कुणी चुकून लिफ्टसमोर आलं तर बाबा नजर खाली घालून हळूच म्हणत, "मागचा जिना." यासाठी त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. पलीकडच्या माणसाला खाकी कपड्यांची, कायमची नोकरी लागली याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. आई तर त्या कपड्यांना इस्त्री करताना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

मी तेरा वर्षांची असताना वस्तीतली सुईण वारली. अर्धी वस्ती तिच्या हातांवर जन्मलेली, मीही त्यातलीच. वय झालेलं, गुडघे पार गेलेले. त्या दिवशी दुपारी ती भिंतीला धरत धरत लिफ्टपाशी आली. लिफ्टमध्ये तेव्हा कुणी नव्हतं.

"अरे, वर ने मला," ती म्हणाली. "आज पाय उचलत नाहीत."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या टेबलाशी हवालदार बसला होता. ते म्हणाले, "मावशी, मागचा जिना."

तिनं पुन्हा भिंत धरली. रागावलीसुद्धा नाही. वळली आणि गेली. चौथ्या मजल्याच्या वळणावर ती खाली बसली आणि तिथेच तिचा जीव गेला. बाबांना हे कळलं ते एका साहेबाला चौथ्यावर सोडताना. मागच्या दारापाशी माणसं गोळा झालेली दिसली, मधोमध तिच्या चपला दिसल्या. बाबांनी जाळी ओढली, लिफ्ट खाली आणली आणि पाच वाजेपर्यंत वर-खाली करत राहिले. या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची. पुढे कुणी त्यांच्या धैर्याचं कौतुक करायला लागलं की ते मधेच तोडून सांगत, "त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत कामावर होतो."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे कामावर गेले. पाय मोडलेला एक गवंडी कुबड्यांवर आला, त्याला त्यांनी पाचव्यावर नेलं. नंतर एका गरोदर बाईला, मग एका आंधळ्या म्हाताऱ्याला. हवालदार बघतच राहिला. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं बोलावून विचारलं, पाटी वाचता येत नाही का? बाबा म्हणाले, येते, रोज तीच पुसतो. संध्याकाळी नोकरी गेली. खाकी कपडे त्यांनी स्वतः धुतले, आईनं शेवटची इस्त्री केली आणि त्यांनी ते नेऊन दिले. आईचा चेहरा असा झाला होता की मी तिच्याशी बोलायचं धाडस केलं नाही.

मग बाबांनी जे केलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. सकाळी दहाला ते साध्या कपड्यांत, हातात दाखला घेऊन लिफ्टसमोर उभे राहिले. नवा लिफ्टवाला पुलाच्या अलीकडचा, शहरातला होता, बिचारा भांबावून गेला. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं.

"तुम्ही तुमचं काम करा," बाबा म्हणाले. "मी थांबतो."

ते दिवसभर थांबले. लोक त्यांना वळसा घालून आत शिरत होते, काही हसत होते. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. आठवडाभरात तीस-चाळीस जण झाले आणि महिना संपता संपता रांग कचेरीच्या दारातून बाहेर फुटपाथवर गेली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. अलीकडचं कुणी आलं की त्याला अदबीनं सांगायचं, या, मागे उभे राहा, नंबर येईल. लिफ्टचं दार उघडलं की पहिला माणूस म्हणायचा, "पाचवा मजला." लिफ्टवाला मान हलवायचा, जाळी ओढायचा आणि रिकामी लिफ्ट घेऊन वर जायचा. साहेबलोकांना आता मागचा जिना चढावा लागत होता. चौदा वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कनं दुसरा मजला पहिल्यांदा पाहिला म्हणे, आणि तिथे बसून दम खाल्ला.

संध्याकाळी आमच्या खोलीत शिकवणी चालायची. खोली केवढी, तर दोन खाटा आणि शेगडी ठेवली की चालायला वाट उरायची नाही. खाटा उभ्या करून ठेवायच्या आणि वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. बाबा शिकवत, हात पाठीमागे एकमेकांत गुंतवा. पडलात तर डोकं सांभाळा, पण मारणाऱ्याच्या काठीला हात घालू नका. संताप आवरत नसेल तर रांग सोडा, बाहेर जा, पाणी प्या. त्यात कमीपणा नाही. हात उचलण्यात आहे.

या शिकवणीत हवालदाराचं काम माझा मामा करायचा. आईचा धाकटा भाऊ, मोटारींच्या गॅरेजमध्ये कामाला होता, अंगानं दणकट आणि तोंडाचा फटकळ. तो असल्या शिव्या द्यायचा की समोर हात बांधून उभी असलेली माणसं हसून हसून वाकायची. लाडका होता तो सगळ्यांचा, माझा तर फारच. पण एकदा त्यानं बाबांना मारल्याचं नाटक करताना खरोखरची थप्पड लगावली. मामा म्हणाला, "भाऊजी, आता तरी राग येतो का बघू म्हटलं."

बाबा गाल चोळत म्हणाले, "येतो रे. रोज येतो."

पाचव्या आठवड्यात खरी मारहाण सुरू झाली. हवालदार रांगेच्या तोंडापासून काठ्या चालवत शेवटापर्यंत जायचे. माणसं पडायची, उठायची, परत आपल्या जागी उभी राहायची. बाबांचा डावा कान फुटला, त्यातून ऐकू यायचं बंद झालं. आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. मालकानं तिला बोलावून नवऱ्याचं नाव विचारलं आणि घरी पाठवलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा बाबांवर कडाडली. सुईणीला जिन्यानं पाठवलं ते एकट्या तुम्ही, मग तिचं प्रायश्चित्त सगळ्या वस्तीनं का घ्यायचं, असं तिनं विचारलं. पण दुसऱ्या दिवशी आई स्वतःच रांगेत जाऊन उभी राहिली. आता कामावर जायचं नव्हतंच, घरी बसून डोकं फिरवून घेण्यापेक्षा हे बरं, असं म्हणाली.

एक्कावन्नाव्या दिवशी ते घडलं. हवालदारांनी त्या दिवशी बायकांना ओढून बाहेर काढायला सुरुवात केली. एक तरुण हवालदार, नुकताच नोकरीला लागलेला, आईला केसांना धरून ओढत तळघराच्या पायऱ्यांपर्यंत घेऊन गेला. मामा रांगेत मागे होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्याच्याकडे बघून कळलं असतं असं आई नंतर सांगायची. तो धावत आला आणि त्यानं दोन्ही हातांनी त्या पोराला ढकललं. हवालदार पाठीवर पडला, चौदा पायऱ्या गडगडत खाली गेला आणि उठला नाही.

मग जो हलकल्लोळ माजला त्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. मामा गर्दीतून निसटून घरी आला. पोलिसांनी हाताला लागतील ती अकरा माणसं पकडली, त्यात तो कुबड्यांवरचा गवंडीही होता. तिसऱ्या दिवशी कळलं की हवालदार वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. त्याचं वय तेवीस होतं आणि घरी वर्षभराचं मूल होतं.

बाबांनी त्याच दिवशी रांग थांबवली. हवालदाराला आपल्या माणसानं पांगळं केलंय, आता कोणत्या तोंडानं उभे राहायचं, असं त्यांनी वस्तीला सांगितलं. वस्तीतली निम्मी माणसं भडकली. इतके दिवस आमची डोकी फुटली तेव्हा कुणी रांग थांबवली होती का, असं ती विचारत होती. कुणीतरी आमच्या दारावर चिखल फेकला. बाबांनी तो धुतला आणि ते मामाकडे गेले. त्यांनी मामाला सांगितलं की तू स्वतः जाऊन सांग. मामानं साफ नकार दिला. तुमच्या बायकोला तो फरफटत नेत होता, तुम्ही हात पाठीमागे बांधून बघत होतात, आणि मी तुरुंगात जाऊ? बाबा परत आले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

खटला उभा राहिला. कुणी ढकललं हे सांगणारं कोणी पुढे येईना, आणि अकराही जणांना सात-सात वर्षं होणार असं वकील म्हणत होता. साक्षीसाठी बाबांना बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी आई शेगडीपाशी बसली होती. भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पाहिलं नाही म्हणा," ती म्हणाली. "तुम्ही खाली पडला होतात, डोळ्यांत रक्त गेलं होतं. कोण खोटं म्हणणार आहे?"

"पाहिलं मी."

"मला माहीत आहे पाहिलंत ते. आयुष्यात एकदा मी तुमच्याकडे काही मागतेय. त्यानं माझ्यासाठी केलं ते."

बाबांनी करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाले, "आणि ते अकरा जण?"

"सुटतील. पुरावा नाही, सुटतीलच."

खरंच सुटले असते का, हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. आमच्या वस्तीत यावरून अजूनही दोन तट आहेत.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी आई आणि मामाच्या मधे बसले होते. मामानं माझा हात धरला होता. त्याच्या बोटांना नेहमीसारखा ग्रीसचा वास येत होता. सरकारी वकिलानं विचारलं, कुणी ढकललं ते पाहिलंत का?

"पाहिलं," बाबा म्हणाले. "माझ्या मेहुण्यानं. तो हवालदार माझ्या बायकोला केसांना धरून ओढत होता, तेव्हा. पण रांग मी लावली होती, साहेब. शिक्षा लिहिणार असाल तर आधी माझं नाव लिहा."

मामानं माझा हात सोडला. कुणी बोलावायच्या आधीच तो उठून उभा राहिला. पळाला नाही, ओरडला नाही. आई समोरच्या बाकाच्या पाठीवर नख घासत राहिली.

अकरा जण सुटले. मामाला चार वर्षं झाली. बेकायदा गर्दी जमवली म्हणून बाबांना सहा महिने. जाताना त्यांनी आईकडे पाहिलं, तिनं मान फिरवली.

यानंतर आईनं जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. आठ दिवस ती अंथरुणाला खिळल्यासारखी पडून होती. नवव्या दिवशी सकाळी उठली, केस विंचरले, दाखला घेतला आणि कचेरीत जाऊन रांगेच्या पहिल्या जागी उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "माझा भाऊ फुकट आत गेला असं मी होऊ देणार नाही." वस्ती पुन्हा तिच्या मागे जमली. संध्याकाळी तीच आता खाटा उभ्या करून शिकवायची आणि बाबांपेक्षा कडक होती. कुणाच्या हाताची मूठ जरी वळलेली दिसली तरी ती त्याला सरळ घरी पाठवायची. बाबांना भेटायला मात्र ती एकदाही गेली नाही. मी जायचे आणि रांगेत किती माणसं होती ते सांगायचे. ते आकडा ऐकायचे आणि विचारायचे, "तिला कुठे लागलं नाही ना?"

बाबा सुटून आले त्यानंतर महिन्याभरात पाटी निघाली. हुकमात कारण दिलं होतं, 'कामकाजाच्या सोयीसाठी'. न्यायाचं, चुकीचं नावही नव्हतं. साहेबलोकांचे गुडघे दुखायला लागले म्हणून जिंकलो आपण, असं गवंडी म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. दाखला रद्द व्हायला पुढे नऊ वर्षं गेली. त्यासाठीही रांगा लागल्या, कितीदा तरी, आणि प्रत्येक वेळी त्या लावायला बाबांनाच बोलावलं गेलं. दुसऱ्या शहरांतूनही माणसं यायची, आमच्या खोलीत बसून हात पाठीमागे बांधायला शिकून जायची.

घरात मात्र अबोला होता. "तुझ्या बाबांना सांग, जेवण झालंय." "आईला सांग, मला उशीर होईल." चार हातांवर बसलेल्या दोन माणसांमध्ये मी टपाल वाहायचे. बाबांना तक्रार करताना मी ऐकलं नाही. एकदाच मी त्यांना विचारलं की खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले की मी रोज शंभर माणसांना सांगत होतो, मार खा पण हात उचलू नका. आणि हात उचलला तो घरचा म्हणून मी डोळे मिटले असते तर त्या शंभरांच्या पाठीवरचे वळ कुणाच्या नावावर गेले असते? मग म्हणाले, "पण तुझ्या मामाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याला काय करू ते कळत नाही."

सुटल्यापासून ते दर आठवड्याला त्या हवालदाराच्या घरी जायचे. त्याच्या बायकोनं पहिले तीन-चार महिने दार उघडलं नाही. ते ओट्यावर तासभर बसून परत यायचे. मग एकदा तिला एकटीला नवरा खुर्चीतून उचलवेना, तेव्हा तिनं हाक मारली. त्यानंतर बाबा त्याला आंघोळ घालत, दाढी करत, उन्हात नेऊन बसवत. हवालदारानं त्यांना कधी माफ केलं नाही. उन्हात बसल्या बसल्या तो त्यांना 'पलीकडच्या' म्हणूनच हाक मारायचा आणि नको नको ते बोलायचा. बाबा फुटका कान त्याच्याकडे करून बसत. यात थट्टा किती आणि खरं किती, देव जाणे.

चांगल्या वागणुकीमुळे मामा वर्षभर आधी, तीन वर्षांनी सुटला. घरी आला तेव्हा खूप वाळला होता, केस विरळ झाले होते. आईनं त्याला पोटाशी धरलं. बाबा उठून उभे राहिले. मामा त्यांच्यासमोर आला. मला वाटलं आता थप्पड बसते.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्यासाठी मी खोटं बोललो असतो."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

यापलीकडे दोघांमध्ये त्या विषयावर शब्द झाला नाही. मामानं पुलाजवळ गॅरेज टाकलं. आमच्याकडे यायचा, जेवायचा, बाबा असले की लवकर निघायचा. आईचा अबोला हळूहळू सुटला, कशामुळे ते मला सांगता येणार नाही. एक दिवस ती मला टपाल न देता थेट "अहो, ऐकलंत का" म्हणाली आणि बाबा इतके दचकले की हातातली कपबशी खाली पडून फुटली. पण पहिल्यासारखं काही झालं नाही. ती त्यांच्याशी जपून बोलायची, पाहुण्याशी बोलावं तशी.

बाबा गेले ते पुढे तीस-पस्तीस वर्षांनी, छातीच्या दुखण्यानं, सरकारी दवाखान्यात, एका दुपारी. तिथली लिफ्ट बंद होती, म्हणून त्यांना तीन मजले हातांवर उतरवावं लागलं. उचलणाऱ्यांमध्ये मामा पुढे होता आणि कुणी बदली करू का विचारलं तरी त्यानं जागा सोडली नाही.

पंधरा दिवसांनी तो न सांगता हवालदाराच्या घरी गेला. हवालदार तीन वर्षांपूर्वीच वारला होता आणि त्यानंतरही बाबा त्याच्या बायकोची विचारपूस करायला दर आठवड्याला जायचे, मामाला ते माहीत होतं. त्याच्या बायकोनं दार उघडलं. ती आता साठीला आली होती. तिनं विचारलं, कोण तुम्ही?

"ज्यानं ढकललं तो," मामा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचे भाऊजी गेले असं ऐकलं. परवा मी वाट बघत होते त्यांची, सवयीनं." एवढं बोलून ती आत गेली. दार तिनं लावलं नाही. मामा उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभा राहिला आणि परत आला.

हे सगळं त्यानं आमच्या खोलीत, खाटेच्या कडेवर बसून सांगितलं. आई निवडत असलेलं धान्य बाजूला ठेवून ऐकत होती.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "दार उघडं ठेवलं म्हणजे आत ये असं म्हणत होती ती."

"मला कळलं नाही," मामा म्हणाला. मग म्हणाला, "कळलं होतं. पाय उचलला नाही."

याला आता चार महिने झाले. मामा जाईन जाईन म्हणतो. आई त्याला घाई करत नाही.